बाथरूम फोडायच्या आधी वाच

प्रिय पक्या,

काल फोनवर सहज बोलून गेलास की सोमवारी बाथरूम फोडतोय आणि निम्मे पैसे आजच देतोय, तेव्हापासून मला चैन नाहीये. थांब रे बाबा, देऊ नकोस.

माझ्या डोंबिवलीच्या बाथरूमचं तुला अर्धंच माहितीय. कॉन्ट्रॅक्टर मेव्हण्याच्या ओळखीचा, त्यामुळे लिहून मागायला लाज वाटली, 1 लाख 20 हजार तोंडी ठरले आणि पंधरा दिवसांत त्यातले 90 मी देऊनही बसलो. कोबा, म्हणजे लादीखालचा पाणी अडवणारा थर, झाला, दोन दिवसांत लादीवाला हजर. म्हटलं पाणी भरून बघायचं ना, तर म्हणे "साहेब, केमिकल मारलंय, टेन्शन नका घेऊ." मी पण नाही घेतलं, गाढव कुठला! दीड महिन्याने खालच्या काकू वर आल्या, हातात मोबाईल, फोटोत त्यांच्या सीलिंगला पिवळा डाग, बरोब्बर आमच्या नहाणी ट्रॅपखाली, म्हणजे जिथून बाथरूमचं पाणी खाली जातं तिथे. आणि हा कॉन्ट्रॅक्टर फोन उचलेना. कशाला उचलेल, त्याचं घ्यायचं राहिलं कितीसं होतं?

म्हणून तू वॉटरप्रूफिंग झालं की ट्रॅपला बोळा कोंब, दोन-तीन इंच पाणी भर, भिंतीवर पेन्सिलने लेव्हलची रेघ मार आणि 48 तास कुणाला आत पाय ठेवू देऊ नको. थोडं पाणी वाफ होऊन जातं, पण खालच्यांच्या सीलिंगला ओल आली तर लादी लावायचीच नाही. पैसे पण तसेच, थोडा ॲडव्हान्स, मग फोडणं, पाइप, वॉटरप्रूफिंग, लादी असं एकेक झालं की तेवढेच, आणि शेवटचे 10 टक्के एक पावसाळा... बरं एवढं तो थांबणार नाही, महिनाभर तरी अडकवून ठेव. डेब्रिज कोण उचलणार, लादीचं वेस्टेज कुणाच्या माथी, हेही कोटेशनमध्ये लिहून घे, भांडणं तिथेच होतात. रोख नको, खात्यावर टाक. ग्राहक आयोगात जायला 2 वर्षं असतात म्हणे, मी चौकशी केली तर पहिला प्रश्न, कागद काय आहे? माझ्याकडे होते फक्त त्याचे गुड मॉर्निंगचे मेसेज.

हो, भिंतीतले पाइप बुजवायच्या आधी टेप धरून फोटो काढ, नाहीतर उद्या गिझरसाठी ड्रिल मारशील आणि कारंजं.

पाणी भरशील त्या दिवशी कळव, येतो मी. खालच्यांकडे जाऊन सीलिंग बघू, चहा पण तिथेच.

तुझा,
बंड्या