बिंदू दोन का झाले, हे आधी पाहावे

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

भूखंडांचे संगणकीय नकाशे दुरुस्त करण्याचे काम मी अनेक वर्षे करीत आहे. नव्या नकाशात भूखंडाचे क्षेत्रफळ थोडे बदललेले दिसले की मोजणीच चुकली, असा निष्कर्ष लगेच काढला जातो. पुष्कळदा मात्र मोजणी ठीक असते आणि घोळ होतो तो नंतर, सीमाबिंदू एकत्र करताना. त्याविषयी हे पत्र.

शेजारच्या दोन भूखंडांचा सामाईक कोपरा जमिनीवर एकच असतो. नकाशात ते भूखंड निरनिराळ्या मोजण्यांवरून काढले गेले असतील, तर त्याच कोपऱ्याचे दोन बिंदू तयार होतात. दुरून ते एकमेकांवर बसल्यासारखे वाटतात. जवळ जाऊन पाहिले की मध्ये फट तरी असते किंवा दोन्ही भूखंडांत मोजली गेलेली चिंचोळी पट्टी तरी. हे बिंदू निवडून ‘मर्ज’, म्हणजे एकत्र, करावे आणि सॉफ्टवेअरने दाद देऊ नये, किंवा बिंदू एक व्हावा पण फट तशीच राहावी, हा अनुभव या कामात सर्वांच्या ओळखीचा आहे.

अशा वेळी टॉलरन्स, म्हणजे किती अंतरातले बिंदू सॉफ्टवेअरने एकच मानायचे ती मर्यादा, वाढवण्याचा मोह होतो आणि तोच उपाय मला सर्वांत घातक वाटतो. मीटरमध्ये साठवलेल्या नकाशासाठी आर्कजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये हे अंतर मुळात ०.००१ मीटर, म्हणजे एक मिलिमीटर असते. ते अर्धा मीटर केले, तर हवे ते दोन बिंदू जुळतीलच, पण कोणी न सांगितलेले इतर बिंदूही सरकतील. पहिला दुसऱ्याच्या टप्प्यात आणि दुसरा तिसऱ्याच्या, अशी साखळी लागली तर एखादा बिंदू अर्ध्या मीटरपेक्षाही दूर जाऊ शकतो. नकाशा अक्षांश-रेखांशात असेल आणि एककाकडे न पाहता तोच ०.००१ आकडा भरला, तर उत्तर-दक्षिण दिशेत ते अंतर सुमारे १११ मीटर होते. स्नॅपिंगचेही, म्हणजे ओढलेला बिंदू जवळच्या बिंदूला आपोआप चिकटण्याच्या सोयीचेही, तसेच आहे. त्याची मर्यादा पिक्सेलमध्ये ठेवली, तर नेहमीच्या ९६ डीपीआय (इंचाला ९६ पिक्सेल) पडद्यावरचे १० पिक्सेल १:१००० प्रमाणावर जमिनीवरचे सुमारे २.६ मीटर भरतात आणि १:५००० वर सुमारे १३ मीटर. घाईत दूरवरूनच बिंदू ओढणाऱ्यांनी हा हिशेब एकदा तरी करून पाहावा.

फट राहण्याचे खरे कारण बहुधा वेगळेच असते. एका भूखंडाचा कोपरा शेजाऱ्याच्या सरळ हद्दीच्या मधोमध येत असेल आणि शेजाऱ्याच्या रेषेवर त्या जागी बिंदूच नसेल, तर जोडायचे तरी कशाशी? तिथे आधी शेजाऱ्याच्या रेषेवर बिंदू घालावा लागतो, मग दोन्ही जुळवावे लागतात. कधी एकाच जागी दोनऐवजी तीन-चार बिंदू साचलेले असतात आणि निवडीत त्यांपैकी दोनच येतात. कितीची निवड झाली, तो आकडा वाचल्याशिवाय हे लक्षात येत नाही. कधी जुन्या, रद्द झालेल्या भूखंडाचा बिंदू बंद ठेवलेल्या लेअरमध्ये (नकाशाच्या थरात) दडलेला असतो. एखाद्या बिंदूची जागा नियंत्रण-मोजणीने, म्हणजे संदर्भासाठी केलेल्या अचूक मोजणीने, पक्की केलेली असेल, तर तोच राखून दुसरा त्याच्याकडे न्यायचा असतो, दोघांच्या मधली जागा काढायची नसते.

याहून नाजूक प्रश्न, ते दोन बिंदू खरोखर एकच आहेत का, हा आहे. एकमेकांपासून वीतभर अंतरावर पुरलेल्या दोन स्वतंत्र खुणाही असू शकतात. त्या एक करायच्या की नाही, हे मोजणीच्या कागदावरची दिशा आणि अंतरे पाहून माणसानेच ठरवायचे असते. बिंदू सरकला तरी नोंदलेले अंतर तेच राहते, बदलते ती काढलेल्या रेषेची लांबी. म्हणून मर्ज केल्यावर या दोन आकड्यांतला फरक आणि आधीचे-नंतरचे क्षेत्रफळ ताडून पाहावे. फरक मोठा असेल तर पाऊल मागे घ्यावे. त्यासाठी मूळ प्रत जपून ठेवलेली असावी, हे सांगायला नकोच.

दुरुस्त नकाशा देणाऱ्या प्रत्येक कार्यालयाने कोणते बिंदू एकत्र केले आणि प्रत्येक बिंदू किती सेंटिमीटर सरकला, याची यादी नकाशासोबत द्यावी, एवढीच माझी मागणी आहे. ती यादी सॉफ्टवेअरमधून काढता येते. आज ती कोणी मागत नाही, म्हणून कोणी देत नाही.

कळावे.

आपला विश्वासू,
एक नकाशा-संपादक