क्लब सँडविच: उष्मांकांबरोबर मीठही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कॉफी शॉप, जिमखाने आणि विमानतळावरील उपाहारगृहे यांच्या मेनूकार्डात क्लब सँडविच बहुधा हलक्या खाण्याच्या रकान्यात असते आणि ‘आज जेवत नाही, नुसते सँडविच घेतो’ असे म्हणणारा माणूस नेमके तेच मागवतो. हा पदार्थ हलका नाही, एवढेच मला सांगायचे आहे; तो टाकाऊ आहे असे माझे म्हणणे नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत लोकप्रिय झालेल्या या सँडविचचा आजचा घाट जगभर जवळपास सारखाच आहे: पावाचे तीन भाजलेले स्लाइस, त्यांच्यामध्ये चिकन किंवा टर्की, बेकन (डुकराच्या खारवलेल्या मांसाच्या पातळ पट्ट्या), लेट्यूस, टोमॅटो आणि मेयोनीज, शिवाय ताटलीत फ्रेंच फ्राइज. पोषणमूल्यांच्या नेहमीच्या कोष्टकांवरून हिशेब मांडला, तर तीन स्लाइसचे सुमारे २४० किलोकॅलरी, ऐंशी ग्रॅम शिजलेल्या चिकनचे १३०, बेकनच्या तीन पट्ट्यांचे जवळपास तेवढेच आणि दोन मोठे चमचे मेयोनीजचे २०० च्या आसपास, असे फ्राइजला हात न लावताच ७०० किलोकॅलरी होतात. शंभर ग्रॅम फ्राइज धरले की आकडा हजारावर जातो. प्रौढ माणसाची दिवसाची सरासरी गरज २,००० किलोकॅलरी मानली जाते, म्हणजे निम्मा दिवस त्या एका ताटलीतच संपतो.

या हिशेबात चिकनवर ठपका ठेवता येत नाही. ऐंशी ग्रॅम चिकनमधून २४ ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात आणि सँडविचचे खरे मोल तिथेच आहे. मेयोनीज मात्र बहुतांशी तेलच असते; चिकनपेक्षा जास्त उष्मांक ते देते आणि बदल्यात जवळजवळ काहीच देत नाही. मधला स्लाइस सँडविचला उंची देण्यापलीकडे फारसे काही करत नाही. तो मैद्याचा असल्याने त्यात तंतुमय भाग नगण्य असतो आणि पाव नुसता तपकिरी दिसला म्हणून तो गव्हाच्या पिठाचाच असतो असेही नाही. मेयोनीज कच्च्या अंड्याचे असेल तर जंतुसंसर्गाचा प्रश्न वेगळाच; तेलंगणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये अशा मेयोनीजवर वर्षभराची बंदी घातली ती त्याच कारणाने.

आपल्याकडच्या ‘व्हेज क्लब’ची गोष्ट तर अधिक विचित्र आहे. चिकन आणि बेकन गेले, त्यांच्या जागी चीज स्लाइस, काकडी आणि मेयोनीजमध्ये कालवलेली कोबी आली. त्यामुळे प्रथिने निम्म्याहून कमी झाली आणि उष्मांक फारसे उतरले नाहीत. शाकाहारी म्हणून ते आपोआप पथ्याचे ठरते, या समजुतीला काही आधार नाही. त्यात पन्नास ग्रॅम पनीर घातले तर नऊ-दहा ग्रॅम प्रथिने तरी वाढतील.

बेकनविषयी थोडे जपून बोलायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेल्या मांसाला कर्करोगकारक ठरवले आणि ते रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो असे नमूद केले. ही वाढ मूळच्या धोक्याच्या तुलनेतली आहे आणि रोजच्या सवयीविषयी आहे. महिन्यातून एखाद्या वेळी खाणाऱ्याने घाबरून जाण्याचे कारण नाही.

माझी मुख्य तक्रार मिठाविषयी आहे. पाव, मेयोनीज, बेकन, चीज या प्रत्येकात मीठ आधीच मुरलेले असते आणि बेकन सोडले तर त्यातले फारसे काही जिभेला खारट लागत नाही. साध्या उकडलेल्या चिकनच्या सँडविचमध्येही अडीच-पावणेतीन ग्रॅम मीठ सहज भरते. चिकनऐवजी पाकिटातले खारवलेले काप वापरले तर ते चार ग्रॅमच्या पुढे जाते. जागतिक आरोग्य संघटना आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था या दोघींनीही दिवसाला पाच ग्रॅमची मर्यादा सांगितली आहे. वरणात चिमूटभर मीठ कमी घालणारा रक्तदाबाचा रुग्ण हे सँडविच निर्धास्तपणे खातो, कारण त्याला हे कळायला मार्गच नाही.

अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलिंगविषयक नियमांनी केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा अथवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांना मेनूकार्डावर प्रत्येक पदार्थाचे उष्मांक देणे बंधनकारक केले. हे पाऊल योग्यच होते. पण त्याच ओळीत मिठाचा आकडा देण्याची सक्ती नाही आणि एकच शाखा असलेली असंख्य कॅफे आणि क्लबांची उपाहारगृहे तर सहसा नियमाबाहेरच राहतात. प्राधिकरणाने दुरुस्ती करून मिठाचा आकडा उष्मांकांशेजारी छापणे बंधनकारक करावे आणि लहान उपाहारगृहांना निदान मिठाचे प्रमाण अधिक असलेल्या पदार्थांपुढे खूण करायला सांगावे. तोवर ग्राहकाने मधला स्लाइस काढायला, मेयोनीज वेगळ्या वाटीत द्यायला आणि फ्राइजऐवजी काकडी-टोमॅटो ठेवायला सांगण्यात संकोच करू नये. बहुतेक ठिकाणी ते विनातक्रार करून मिळते.

आपली,
एक वाचक, ठाणे