कळसूबाईची अट

पुणे, १२ जून

प्रिय ओंक्या,

उशीर झाला, मान्य. फोनवर पाच मिनिटांत सगळं सांगून मोकळा झालो असतो, पण पत्राला पत्रानेच उत्तर द्यायचं हा नियम तुझा. आता माझं अक्षर लाव.

पेपर संपले त्याच्या दुसऱ्याच दिवशी बाबा नि मी वाकडेवाडीहून एसटी पकडली आणि राजूरला आत्याकडे गेलो. नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, अकोले. उन्हाने जीव नकोसा झाला, एवढंच सांगण्यासारखं.

पोचलो तर गच्चीवर जुन्या साड्या अंथरलेल्या. कुरडयांचा घाट! तुझी कुरडई दुकानातल्या पाकिटातून येते, म्हणून सांगतो. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं (एक दिवस विसरलं की अख्ख्या आळीला वासाने कळतं), मग वाटून, पिळून चीक काढायचा आणि रात्रभर निवळू द्यायचा. पहाटे वरचं पाणी ओतून दिलं की तळाशी पांढराशुभ्र गोळा. तो सैल करून आधणात ओतायचा आणि घोटत राहायचं. घोटायचं काम माझ्याकडे. "हात थांबवलास आणि गुठळी झाली, तर ती तूच खायची," आत्या म्हणाली. जिमची फी मी कशासाठी भरतो देव जाणे, पाचव्या मिनिटाला दंड भरून आले. चीक शिजला की काचेसारखा चमकतो आणि पातेल्याच्या कडा सोडतो. मग सोऱ्या भरायच्या आधी वाटीभर गरम चीक, वर कच्च्या तेलाची धार. त्या वाटीसाठी मी परत दंड मोडून घेईन.

एका संध्याकाळी घाटघरच्या रस्त्याला काजवे बघायला गेलो. पावसाच्या तोंडावर थोडेच दिवस असतात ते. एक अख्खं झाड लुकलुकत होतं, एकदम पेटायचं, एकदम विझायचं. चिमीने (आत्याची मुलगी, यंदा बारावी) सांगितलं की हा सगळा उजेड मादीला खुणावायला. तेवढ्यात मागून एक गाडी हेडलाइट फुल्ल ठेवून आली, गाणी लावून. झाड विझलं ते विझलंच. चार शब्द सुनवावेत असं वाटलं, पण आत्याने हात धरला.

आता खरी गोष्ट. आत्या लग्न होऊन राजूरला आली त्याला सत्तावीस वर्षं झाली, आणि ती कळसूबाईवर एकदाही गेलेली नाही! १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. मुंबई-पुण्याची पोरं शनिवारी येऊन रविवारी फोटो टाकतात. मी विचारलं तर म्हणाली, "नवरात्रात वर जत्रा असते. तेव्हा घरी घट, पाहुणे, उपासाचं वेगळं, बिनउपासाचं वेगळं. जाऊ कधी?" मी म्हटलं, उद्या.

बाबांचा गुडघा आणि काकांचा आळस घरी ठेवून आम्ही तिघं निघालो. उन्हामुळे पायथ्याच्या बारी गावातून पहाटे साडेतीनलाच चढायला लागलो. आत्या दर वळणावर बसायची, आणि बसली की बोलायची. कळसूची गोष्ट मला तिथेच कळली. कळसू ही कोळ्याची पोर, पाटलाकडे कामाला राहिली ती अट घालून: सगळं करीन, पण केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही. एक दिवस घरी पाहुणे फार झाले आणि तिला भांडी घासायला लावली. तिने घासली, आणि जी निघाली ती थेट डोंगरावर, परत आलीच नाही.

"मग देवी झाली," चिमी म्हणाली.

"आधी सुटली," आत्या म्हणाली.

लोखंडी शिड्यांपाशी मात्र तिचे पाय लटपटले. मी वरून हात द्यायला गेलो तर ओरडली, "तू तुझं बघ!" पदर खोचला, दोन्ही हातांनी कठडा धरला आणि पायऱ्या मोठ्याने मोजत वर आली. माथ्यावर पोचलो तेव्हा सहा वाजून गेले होते. वारा असा की बोललेलं ऐकू येईना. एका बाजूला अलंग, मदन, कुलंग हे किल्ले, खाली भंडारदऱ्याचं आटलेलं पाणी. आत्याने देवळात हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि बराच वेळ राजूर कुठे ते शोधत राहिली. धुरकट होतं, दिसलं नाही.

दुपारी घरी आलो तर मोरी भरलेली. पोह्यांची कढई, सात-आठ कप (माणसं दोन!), आणि दूध करपलेलं पातेलं. आत्या पिशवी खांद्यावर तशीच ठेवून त्याकडे बघत उभी राहिली. मग ओट्यावरून हाक मारली, "दादा, माझी अट काय होती, ठाऊक आहे ना?"

बाबांना गोष्ट माहीतच नाही. ते म्हणाले, "कसली अट?" चिमी नि मी जमिनीवर लोळायचे बाकी होतो. शेवटी बाबांनी घासली, काकांनी विसळली. आत्या पाय पसरून झोपाळ्यावर. पातेलं उजेडात धरून तिने बघितलं आणि म्हणाली, "तळ राहिलाय." परत पाठवलं.

तुझ्या वाटच्या कुरडया डब्यात आहेत. तेल कडकडीत तापल्याशिवाय सोडू नकोस, नाहीतर फुलत नाहीत आणि नाव माझ्या घोटण्याला ठेवशील. काकूंना नमस्कार. कधी येतोस ते लिही.

तुझा,
सम्या