गोंगाट आधी आपल्याच घरात शोधा

मा. संपादक,

निवृत्तीनंतरच्या छंदांवरील आपल्या पुरवणीत हॅम रेडिओच्या, म्हणजे परवाना घेऊन हौसेखातर दूरदूरच्या लोकांशी रेडिओवरून बोलण्याच्या, वाट्याला दोन ओळी आल्या: छंद खर्चिक आहे आणि त्याला उंच मनोरा लागतो. माझी सगळी नोकरी लेखापरीक्षणात झाली, त्यामुळे दोन ओळीही तपासल्याशिवाय सोडवत नाहीत. वीस मीटर बँडचा (बँड म्हणजे रेडिओ लहरींचा ठरावीक पट्टा), म्हणजे १४ मेगाहर्ट्झचा, साधा डायपोल अँटेना म्हणजे एकूण सुमारे १० मीटर तार, मधोमध तोडून केबलला जोडलेली. मनोरा असला तर उत्तमच, नसला म्हणून कुणाचं अडत नाही. ५ वॉटवरही दुसऱ्या खंडातल्या माणसाशी बोलणं होतं, अर्थात आयनांबराची, म्हणजे रेडिओ लहरी परतवणाऱ्या वातावरणातल्या वरच्या थराची, मर्जी असेल तर.

तरुणपणी परवाना काढला होता. मग बदल्या आणि संसार यांत संच माळ्यावर गेला. आता पुन्हा रीतसर परवाना घेऊन बसते. परतू पाहणाऱ्यांना नव्या तंत्राची धास्ती वाटते. तिला फारसं कारण नाही. परवान्यासाठी मोर्सची, म्हणजे टिंब-रेघांच्या सांकेतिक लिपीची, परीक्षा घ्यायची की नाही, हे २००३च्या जागतिक रेडिओ परिषदेने प्रत्येक देशावर सोपवलं आणि बऱ्याच देशांनी ती रद्दच केली. २०१७मध्ये जो टेलर (हे १९९३चे भौतिकशास्त्राचे नोबेल विजेते) आणि स्टीव्ह फ्रँके यांनी आणलेली एफटी८ पद्धत तर कानाला ऐकूही न येणारे सिग्नल संगणकाकडून वाचून घेते. करामत मोठीच. पण दर १५ सेकंदांनी एका संगणकाने दुसऱ्याला आकडे कळवायचे आणि आपण नोंद तपासायची, हे काम मी पगार घेऊन पुष्कळ केलं आहे. मी आपली मोर्स पाठवायची कळ घेऊन बसते. वयाबरोबर आधी उंच सूर ऐकू येईनासे होतात. मोर्सचा ६००-७०० हर्ट्झचा सूर मला अजून स्वच्छ येतो.

खरी अडचण वेगळीच आहे आणि तिच्याबद्दल कुणी आधी सांगत नाही. संच लावला की ७ मेगाहर्ट्झवर आता नुसती खरखर ऐकू येते. पूर्वी घरातल्या उपकरणांत लोखंडी गाभ्याचे जड ट्रान्सफॉर्मर असायचे. ते गुणगुणायचे, पण बँडवर गप्प असायचे. आताचे चार्जर, एलईडी दिवे, राउटरचे अडॅप्टर आतून सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतात. फिल्टरवर काटकसर केलेली असली, की त्या चालू-बंदचे पडसाद थेट आपल्या बँडपर्यंत पोचतात.

यावर लोक जास्त शक्तीचा संच घेतात. उपयोग शून्य, आपण मोठ्याने बोललो म्हणून समोरचा जास्त ऐकू येत नाही. हिशेब सोपा आहे. रेडिओच्या मीटरवरचं एक एस-युनिट (सिग्नलची ताकद मोजायचं माप) म्हणजे ६ डेसिबल, शक्तीच्या भाषेत चौपट. घरातला गोंगाट दोन युनिटांनी खाली आणला, तर समोरच्या प्रत्येकाने आपली शक्ती सोळापट केल्यासारखं होतं. फुकटात!

शोधायची रीत अशी: रेडिओ बॅटरीवर चालवायचा, घराचा मेन स्विच बंद करायचा आणि मीटर पाहायचा. मग एकेक सर्किट चालू करत जायचं. माझ्याकडे मुख्य गुन्हेगार निघाला वाचायचा दिवा, जो मी स्वतः कौतुकाने आणला होता. राउटरच्या वायरला फेराइटच्या (असा गोंगाट अडवणाऱ्या चुंबकीय पदार्थाच्या) रिंगमधून सात-आठ वेढे दिले, तो बराच शांत झाला. राहिलेला आवाज शेजारून येतो. तिथे गोडीगुलाबीने जावं लागतं, कारण तुमचा चार्जर ऐकू येतो म्हटलं की माणसं आधी आपल्याच तब्येतीची चौकशी करतात.

घाई करायला दुसरंही कारण आहे. डिसेंबर २०१९मध्ये सुरू झालेल्या सौरचक्रात सूर्यावरच्या डागांचा भर २०२४च्या सुमारास येऊन गेला. डाग जास्त, तेवढं आयनांबर वरच्या बँडना साथ देतं. आता ते उतरत जातील तसे २८ मेगाहर्ट्झसारखे वरचे बँड दूरच्या संपर्कांसाठी मिटत जातील आणि भार ७ मेगाहर्ट्झसारख्या खालच्या बँडवर येईल, म्हणजे जिथे घरगुती खरखर फार त्रास देते तिथेच. चक्र साधारण ११ वर्षांचं. पुढच्या भराची वाट पाहत बसण्याइतकी उधारी या वयात कोण देतं?

तेव्हा आपल्या पुरवणीत या छंदावर पुन्हा लिहिलंत, तर मनोऱ्याची ओळ काढून तिथे फेराइटच्या रिंगा घालाव्यात, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त लेखापरीक्षक