मंत्रीसाहेब, आमच्या आजोबांना पंच मारून फाईलला लावलंत!

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री, स.न.वि.वि.

प्रदर्शनासाठी आजोबांचा मूळ फोटो द्या, महिन्याभरात जसाच्या तसा परत करू, असं तुमच्या माणसांनी लेखी दिलं म्हणून दिला. परत आला वर्षाने, फाईलच्या लेससाठी पंच मारून. भोक नेमकं आजोबांच्या खांद्यावर, युनिफॉर्मच्या फितीवर. आणि प्रदर्शनातली पाटी काय, तर 'ब्रिटिश अधिकारी सहकुटुंब'. अहो शेजारी आजी नऊवारीत उभीय, गळ्यात मंगळसूत्र, मागे मराठीत लिहिलंय 'बर्माला जाण्याआधी, १९४३'. फोटो उलटून बघायलाही वरून मंजुरी लागते का?

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, अलिबागकडचे. तेलाचा घाणा शनिवारी बंद, म्हणून शनिवार तेली म्हणायचे आम्हाला. तक्रार घेऊन गेलो तर साहेब विचारतात, ज्यू म्हणजे पारशीच ना? आईने ते भोक बघितलं आणि तिला घास गेला नाही, मी हाफ डे टाकून टाकून बीपीच्या गोळ्यांवर आलो, ते जाऊ दे, तुम्हाला काय त्याचं.

हो, आजोबा इंग्रजांच्या फौजेत होते. गावोगावची मराठी पोरं होती तशीच, पोटासाठी पण, आणि हिटलर ज्यूंचं काय करतोय ते कानावर होतं म्हणून पण. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १७९६ ला बांधणारे आमचे दिवेकर ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणीतले. १९६५ ला आरमाराच्या ताफ्याचे प्रमुख सॅमसन आमचेच. १९७१ च्या पाकिस्तानी शरणागतीच्या ढाक्याच्या फोटोत कडेला उभे जनरल जेकब कोलकात्याचे बगदादी ज्यू, म्हणजे आमच्याहून वेगळ्या समाजाचे, तरी आमच्या भिंतीवर आजोबांशेजारी तेच. आता त्या शरणागतीचं चित्रच २०२४ ला लष्करप्रमुखांच्या दालनातून हलवलं म्हटल्यावर आमच्या आजोबांची काय कथा!

२०१६ ला अल्पसंख्याक दर्जा दिलात, धन्यवाद. पन्नासच्या सुमारास वीस-पंचवीस हजार होतो, आता चार-पाच हजार उरलो, आकडा इकडेतिकडे असेल, मतं मोजायची सवय तुम्हाला जास्त. डीपीला तिरंगा लावा म्हणून मेसेज धाडता, आणि ज्यांच्या घरात वर्दीतला माणूस फ्रेममध्ये बसलाय त्यांची पाटी धड लिहिता येत नाही. सगळीकडे हेच चाललंय, रिबन कापायला पन्नास जण, फोटो सांभाळायला एक नाही.

पाटी बदला, नाव आणि गाव टाकून. फोटो दुरुस्त करून द्या, खर्च तुमचा. बाकी घरांकडून ओरिजिनल मागू नका, स्कॅनर घेऊन दारात या. आणि उत्तर लेखी द्या, 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' ऐकून कान किटले.

एक अलिबागकर