जखमी घारीचं बिल कोणाच्या नावावर फाडायचं?

संपादक साहेब, नमस्कार.

मध्यंतरी तुमच्या पेपरात जखमी घुबडाला जीवदान दिल्याची बातमी फोटोसकट आली. वाचून बरं वाटलं, पण अशा बातम्यांत एक गोष्ट कधीच नसते, पैसे कोणी भरले ते. तो फोटो काढल्यानंतर पुढे महिनाभर जो खर्च चालू राहतो त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही, म्हणून हे पत्र.

माझ्या ओळखीतल्या एकांना विजेच्या तारेला धडकून पडलेली घार सापडली, पंख लोंबकळत होता. त्यांनी टॉवेल टाकून ती उचलली, खोक्यात ठेवली आणि प्राण्यांच्या दवाखान्यात नेली. पहिल्या ठिकाणी सांगितलं की वाइल्डलाइफ आम्ही घेत नाही. दुसरीकडे घेतलं, पण काउंटरवर फॉर्म भरायला दिला, त्यात प्राण्याचं नाव, वय, मालकाचं नाव. घारीचा मालक कोण? पण रकाना मोकळा ठेवला तर कॉम्प्युटर पुढे जाईना, मग त्यांनी स्वतःचंच नाव टाकलं आणि अर्थातच एक्सरेपासून सगळं बिल त्यांच्याच नावावर निघालं. भरलं त्यांनी, पण घरी येऊन म्हणाले पुढच्या वेळी मी बघून न बघितल्यासारखं करणार. आता अशा माणसाला निर्दयी म्हणायचं का? मला तरी म्हणवत नाही.

डॉक्टरांनाही नावं ठेवून उपयोग नाही. कुत्र्या-मांजरांचा डॉक्टर म्हणजे घारीचा किंवा हरणाचा डॉक्टर नव्हे. हरणाला नुसतं पकडून धरलं तरी त्या धसक्याने आणि धडपडीने स्नायू निकामी होऊन ते काही तासांनी, कधी काही दिवसांनी मरतं, जखम किरकोळ असली तरी. गुराढोरांना पूर्वी सर्रास दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक, मेलेली गुरं खाणाऱ्या गिधाडांच्या मूत्रपिंडांना मारक ठरलं हे आता सगळ्यांना माहीत आहे, मेलॉक्सिकॅम हे दुसरं वेदनाशामक त्यांना चालतं. वटवाघूळ, कोल्हा असलं काही आलं तर रेबीजची भीती, म्हणजे हाताळणाऱ्या स्टाफने आधीच लस घेतलेली हवी, तोही खर्चच. मांजराच्या तोंडातून सुटलेलं पाखरू वरून धडधाकट दिसतं पण दाताच्या बारीक भोकातून जंतू आत गेलेले असतात आणि अँटिबायोटिक वेळेत नाही मिळालं तर सहसा वाचत नाही. हे सगळं येणारा डॉक्टर सापडला, तरी तो रोज फुकट किती करणार? त्यालाही भाडं आहे, पगार द्यायचेत.

आणि खरा पैसा ऑपरेशनला लागतच नाही, तो लागतो नंतर. पक्ष्याचं हाड तसं लवकर जुळतं, दोनतीन आठवड्यांत, पण घारीचा पंख जवळजवळ पहिल्यासारखा झाला नाही तर तिला शिकार जमत नाही, म्हणजे सोडली की उपाशी मरणार. त्यामुळे आधी छोटा पिंजरा, मग उडून बघता येईल असा लांबलचक पिंजरा, रोजचं मांस, साफसफाई, माणसाची सवय लागू नये म्हणून सगळं लांबून करायचं. हे करणारे बहुतेक स्वयंसेवक असतात आणि खिशातून करतात. अमेरिकेत तर जखमी वन्यप्राणी सांभाळायला राज्याचं परमिट लागतं, स्थलांतरित पक्षी असेल तर 1918 च्या कायद्यामुळे केंद्राचंही वेगळं लागतं, पण परमिटसोबत पैसे काही येत नाहीत. नियम सरकारचे आणि धान्य-मांस तुमचं! ब्रिटनमध्ये जनावर कुठलंही असो, इमर्जन्सीत प्रथमोपचार आणि वेदना कमी करणं हे डॉक्टरांच्या आचारसंहितेतच आहे, हे मला फार आवडलं, पण तिथेही पुढचा सांभाळ मुख्यतः देणग्यांवरच चालतो.

माझं म्हणणं असं की ज्याच्यामुळे जखम झाली त्याने भरावं. हे काही माझ्या डोक्यातलं खूळ नाही. 1989 मध्ये अलास्काला एक्सॉन वाल्डीझ जहाजातून तेल सांडलं तेव्हा तेलाने माखलेले समुद्री ऊद (पाणमांजरं) आणि पक्षी धुऊन बरे करायची केंद्रं कंपनीच्याच पैशाने चालली. पुढच्याच वर्षी अमेरिकेने कायदा करून टाकला की तेल सांडणाऱ्यानेच भरपाई करायची. त्या ऊदांवर एवढा पैसा घालवणं शहाणपणाचं होतं का यावर बराच वाद झाला आणि तो वाद मला पटतो सुद्धा, पण पैसे कोणी द्यायचे यात मात्र वाद नव्हता. मग तेलाला जो न्याय तोच हायवेला, विजेच्या तारांना, काचेच्या उंच बिल्डिंगांना का नको? जंगलातून रस्ता काढताना पूल, मोऱ्या, साइनबोर्ड सगळं एस्टिमेटमध्ये धरता ना, तसाच जखमी जनावरांच्या दवाखान्याचा एक आकडा दरवर्षीसाठी धरा. आणि त्यातून डॉक्टरला प्रत्येक केसमागे ठरलेली रक्कम मिळू द्या, म्हणजे आणणाऱ्याला फॉर्मवर स्वतःचं नाव मालक म्हणून टाकायची वेळ येणार नाही.

एक कटू गोष्ट पण लिहितो. या पैशातून वेदनारहित मरणसुद्धा देता आलं पाहिजे. पाठीचा कणा मोडलेलं जनावर आठवडाभर फोटोसाठी जिवंत ठेवण्यात दया नाही. बातमीला ते चालत नाही हे मान्य.

वाचकांसाठी जाता जाता: पिसं फुटलेलं पिल्लू जमिनीवर उड्या मारत दिसलं तर बहुतेक वेळा ते उडायला शिकत असतं आणि आईबाप जवळच असतात, उचलू नका, तेवढाच दवाखान्याचा खर्च वाचतो. खरंच जखमी असेल तर अंधाऱ्या, हवेशीर खोक्यात ठेवा आणि चोचीत पाणी ओतू नका, पक्ष्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मागे लगेच असतं, पाणी सरळ फुप्फुसात जातं.

आता कोणी म्हणेल की असं केलं तर टोल वाढेल, लाइटबिल वाढेल. वाढेल की थोडंसं, पण ते रस्ता आणि वीज वापरणाऱ्या सगळ्यांत वाटलं जाईल, आज ते सगळं ज्याने गाडी थांबवली त्या एकट्याच्या अंगावर पडतंय.

आपला,
एक नेहमीचा वाचक