घनसाळच्या वासामागची माणसं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कोल्हापुरातल्या एका वनस्पती जनुकशास्त्र प्रयोगशाळेला निधी मिळाल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. फोटोत शाल होती, पुष्पगुच्छ होता. तिथं रोज काम करणारी मुलं मात्र कुठंच नव्हती. ती मी पाहिली आहेत, म्हणून लिहितोय.

आजऱ्याला आमची दीड एकर भातशेती. घनसाळ या आमच्याकडच्या सुवासिक भाताला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा गावात साखर वाटली होती. पण गेली दोन वर्षं घरचा भात शिजला तरी माजघरापर्यंत वास येईना. म्हणून सुगीनंतर ओंजळभर भात पिशवीत बांधून मी त्या प्रयोगशाळेत गेलो.

घनसाळवर काम करणारी मुलगी गडहिंग्लजकडची. भात रुजवून आलेल्या कोवळ्या पानांचे कात्रीनं बारीक तुकडे करून ती काचेच्या बशीत टाकते, वर पोटॅशियम हायड्रॉक्साईडचं पातळ द्रावण ओतते आणि झाकण लावते. दहा मिनिटांनी झाकण उचलून तिघं-चौघं आळीपाळीनं हुंगतात. बशीवर वाणाचं नाव नसतं, नुसता नंबर. पुढच्या खेपेला मलाही हुंगायला दिलं. सात नंबरला मी थांबलो, म्हटलं हाच आमचा. तो निघाला शेजारच्या गावचा, आणि आमच्या बशीला जेमतेम वास! खरं सांगतो, वाईट वाटलं.

मग तिनं स्टूल ओढून मला बसवलं आणि समजावलं. भाताच्या आठव्या गुणसूत्रावर एक जनुक आहे. ते धड असेल तर भाताला वास नसतो. बासमतीसारख्या बऱ्याच सुवासिक वाणांत त्यातली डीएनएची आठ अक्षरं गळाली आहेत, जनुक बंद पडलंय, म्हणून सुगंध साठतो. त्यातही दाणा भरताना हवेत गारवा हवा, नाहीतर वास उणावतो. आमच्या बियाण्यात भेसळ झाली की हवा आडवी आली, हे आता ती तपासतेय. उत्तर यायचंय, पण माझ्या प्रश्नाला कुणी हसलं नाही.

तिच्या शेजारी शिरोळचा मुलगा. वडिलांचा ऊस तांबेऱ्यानं करपलेला त्यानं शाळेत असताना पाहिला, तेव्हापासून एक वाण रोगाला बळी पडतो आणि दुसरा तग धरतो ते का, हेच त्याच्या डोक्यात. भाताच्या पेशीत 24 गुणसूत्रं, उसात शंभरावर, तीही दोन जातींच्या संकरातून एकत्र आलेली. त्यामुळं एक जनुक हुडकायला वर्षं जातात, हे तो कुरकुर न करता सांगतो.

आणखी एक मुलगी सह्याद्रीतल्या कंदीलपुष्पांच्या मुळांची टोकं सूक्ष्मदर्शकाखाली दाबून गुणसूत्रं मोजते. बहुतेक जातींत ती 22 भरतात. या वेलींचं फूल माशीला आत अडकवतं आणि मग सोडून देतं, हे सांगताना तिचा चेहरा बघण्यासारखा असतो. पावसाळ्यात रात्री वीज गेली की शीतकपाटातले नमुने वाचवायला बर्फ घेऊन धावणारे मदतनीस काकाही याच चमूतले. त्यांच्यावाचून बाकीच्यांची वर्षभराची मेहनत पाण्यात जाईल.

आपल्या दैनिकात दर आठवड्याला नेत्यांच्या दौऱ्यांना अर्धं पान मिळतं. महिन्यातून एकदा चौथाई पान या मुलांना द्या. कोण कशावर काम करतंय आणि त्यांना काय हवंय, एवढं छापा. घनसाळवाल्या मुलीला सध्या जुनं बियाणं हवंय. आजरा, चंदगड, भुदरगडात अजून कुणाच्या कणगीत बापजाद्यांपासून चालत आलेला घनसाळ किंवा काळा जिरगा हा दुसरा सुवासिक भात असेल, तर मूठभर भात कागदी पाकिटात घालून, गावाचं नाव आणि किती वर्षं घरचंच बी पेरताय ते लिहून ठेवावं. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, दमट होऊन बुरशी धरते. पाकिटं गोळा करून पोचवायला मी तयार आहे. आपल्या आजऱ्याच्या वार्ताहराकडे माझा पत्ता आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, आजरा (जि. कोल्हापूर)